वाचकांचे प्रश्न: पासवर्ड नेमके कुणाकडे आहेत?

प्रश्न: आमच्या ऑफिसात २२ माणसं आहेत. कॉम्प्युटर, वायफाय, ईमेल, वेबसाइट सगळं एकच मुलगा बघायचा, तोही लागेल तसा येऊन जायचा. त्याने काम सोडलं, भांडण वगैरे काही नाही, पण आता फोन उचलत नाही आणि आमच्याकडे एकाही गोष्टीचा पासवर्ड नाही. नवीन माणूस म्हणतो सगळं फॉरमॅट मारून पहिल्यापासून करू. करू द्यावं का?

उत्तर: आधी त्याला थांबवा. फॉरमॅट मारून कॉम्प्युटर कोरे होतील, बाकी काही होणार नाही, कारण तुमचा घोळ कॉम्प्युटरमध्ये नाहीच आहे, तो डोमेन कुणाच्या नावावर आहे यात आहे. डोमेन म्हणजे तुमच्या वेबसाइटच्या पत्त्यात आणि ईमेलमध्ये @ नंतर येणारं नाव. डोमेन ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात ईमेल, आणि ईमेल ज्याच्या ताब्यात त्याला बाकी निम्म्या गोष्टींचे पासवर्ड 'फॉरगॉट पासवर्ड' दाबून मिळवता येतात. म्हणून सुरुवात डोमेनपासून.

हूइज या डोमेनची माहिती दाखवणाऱ्या सेवेवर तुमचं डोमेन टाकून बघा, ते कुठल्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, आहे आणि कधी संपतंय हे तिथे दिसतं. मालकाचं नाव बहुतेक वेळा लपवलेलं असतं, तर जुनी रिन्यूअलची बिलं शोधा, पैसे तुमच्या खात्यातून गेलेत हा चांगला पुरावा असतो. मग कंपनीची कागदपत्रं जोडून रजिस्ट्रारला लिहा. वेळ लागतो, कंटाळा येतो, पण होतं. आणि संपायची तारीख आजच्या आज बघा हं, कारण रिन्यूअलची आठवण त्या मुलाच्या खासगी ईमेलवर जात असेल तर ती आता कुणीच वाचत नाहीये.

डोमेन हातात आलं की ईमेलचं अॅडमिन खातं. गूगल असो की मायक्रोसॉफ्ट, अॅडमिन हरवला तर ते डोमेन तुमचंच आहे हे सिद्ध करायला साधारणपणे डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंगच्या यादीत, एक रेकॉर्ड टाकायला सांगतात, डोमेन आधी का ते आता लक्षात आलं असेल. राउटर शेवटी केला तरी चालेल. त्याचं रीसेट बटण दाबायच्या आधी मात्र इंटरनेट कंपनीकडून कनेक्शनची सेटिंग मागून घ्या, नाहीतर राउटर तुमचा होईल आणि नेट बंद पडेल. ऑफिसातल्या मशिनवर एनीडेस्क, टीमव्यूअर असं लांबून कॉम्प्युटर चालवायचं काही कायमचं चालू ठेवलंय का तेही तपासून काढून टाका.

दरम्यान त्या मुलाला एक साधा मेसेज करा, आरोप न करता, हव्या त्या गोष्टींची यादी देऊन. बऱ्याचदा माणूस कटकट नको म्हणून फोन टाळतो पण मेसेजला उत्तर देतो. आणि खरं सांगायचं तर पासवर्ड लिहून ठेवायला तुम्ही त्याला जागाच दिली नव्हती.

यापुढे प्रत्येक महत्त्वाच्या सेवेला दोन अॅडमिन खाती ठेवा, त्यातलं एक मालकाच्या हातातलं, रोजच्या ईमेलपेक्षा वेगळं, दुहेरी पडताळणी लावलेलं, आणि त्याचे रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हरवला तर आत शिरायचे कोड, कागदावर छापून बंद लिफाफ्यात कुलुपात. सॉफ्टवेअरचा कोड सांभाळून ठेवायची सेवा देणारी कोड स्पेसेस नावाची एक छोटी कंपनी होती, २०१४ च्या जूनमध्ये कुणीतरी तिच्या अॅमेझॉन क्लाउडच्या कंट्रोल पॅनेलमध्ये घुसलं, खंडणी मागितली, कंपनीने खाती परत ताब्यात घ्यायचा प्रयत्न सुरू केल्यावर त्याने डेटा आणि बॅकअप बहुतेक सगळं उडवलं, आणि कंपनी बंदच झाली. सर्व्हर आणि बॅकअप एकाच पॅनेलमधून उडवता येत होते, मेख तिथे होती.

प्रश्न: बॅकअप आहे ना, सगळ्यांच्या फाइली नॅसवर, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर, सेव्ह होतात आणि नॅसमध्ये दोन डिस्क आहेत, एक गेली तरी दुसरी चालते. अजून काय लागतं?

उत्तर: ती मिररिंग आहे, म्हणजे दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणं, बॅकअप नाही. डिस्क खराब झाली तर ती वाचवेल, पण कुणी चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाणार. रॅन्समवेअरचंही, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचंही, तेच. ज्या मशिनवर नॅस झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेली दिसते तिथे व्हायरस आला की तो झेड ड्राइव्हमधल्या फाइलीही कुलूपबंद करतो, त्याला तो फरक कळत नाही. क्लाउडवर सिंक होणारं फोल्डर असलं तरी तीच गत, फक्त तिथे जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, किती दिवस ते तुमच्या प्लॅनमध्ये बघा.

३-२-१ चा नियम जुना झालाय पण अजून चालतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक ऑफिसबाहेर. मी त्यात एवढंच म्हणेन की एक प्रत अशी हवी जी ऑफिसच्या कुठल्याही लॉगिनने पुसता येणार नाही, किंवा चक्क वायर काढून ठेवलेली. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला तेव्हा मर्स्क या अजस्र शिपिंग कंपनीचे जगभरातले डोमेन कंट्रोलर, म्हणजे ऑफिसात कुणाला लॉगिन द्यायचं ते सांभाळणारे सर्व्हर, एका झटक्यात गेले, ते एकमेकांची प्रत ठेवायचे म्हणून सगळे निर्धास्त होते, आणि वाचला तो फक्त घानामधल्या ऑफिसातला, कारण नेमकी तेव्हा तिथली वीज गेली होती. तुम्ही वीज जायची वाट बघू नका, डिस्क काढून ठेवा.

आणि रिस्टोअर करून बघितलंय का कधी? अकाउंट्सची मागच्या महिन्यातली एक फाइल परत आणून दाखवा असं आयटीवाल्याला सांगा, त्याला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. हिरवी टिक दिसणं आणि फाइल उघडणं यात खूप अंतर असतं.

प्रश्न: दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती केलीये, स्टाफ वैतागलाय. बरोबर करतोय ना?

उत्तर: नाही. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा बदलतात, बस. अमेरिकेच्या एनआयएसटी या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की ठरावीक मुदतीने बदल मागू नका, पासवर्ड फुटल्याचं दिसलं तर बदलायला लावा. लांब पासवर्ड, ते लक्षात ठेवणारं पासवर्ड मॅनेजर अॅप, दुहेरी पडताळणी, एवढं करा आणि सक्ती काढून टाका, स्टाफ दुवा देईल.

प्रश्न: नेहमीच्या सप्लायरचा मेल आला की बँक खातं बदललंय, नवीन खात्यात पैसे टाका. अकाउंटंटने टाकले. सप्लायर म्हणतो मी मेल केलाच नाही. पण मेल त्याच्याच पत्त्यावरून, आधीच्याच मेलच्या साखळीत आला होता. हे कसं शक्य आहे?

उत्तर: आधी बँकेला फोन करा, आत्ता, हा कॉलम नंतर वाचा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. पोलिसात तक्रार लगोलग करा.

कसं झालं तर त्याचा किंवा तुमचा, कुणाचातरी मेलबॉक्स फुटलाय. चोर आत शिरून काही दिवस गुपचूप मेल वाचतो, बिल कधी निघतं बघतो आणि बरोबर वेळ साधून त्याच साखळीत उत्तर देतो. दोघांनीही मेलबॉक्समधले फॉरवर्डिंगचे आणि फिल्टरचे नियम बघा, 'पेमेंट' शब्द असलेला मेल भलत्याच फोल्डरमध्ये टाकणारा एखादा नियम सापडतो. तो सापडला नाही तरी पासवर्ड बदला आणि चालू असलेली सगळी लॉगिन सेशन बंद करा, कारण नुसता पासवर्ड बदलून आत बसलेला माणूस लगेच बाहेर पडतोच असं नाही. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही मेल खरंच त्या डोमेनकडून आलाय का ते तपासू देणारी तिन्ही सेटिंग लावा, पण ते तुमच्या डोमेनचं सोंग घेणाऱ्याला अडवतात, खऱ्या मेलबॉक्समधून पाठवणाऱ्याला नाही.

उपाय एकच, अगदी गावठी वाटेल असा: खातं बदललं की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. आणि अकाउंटंटला ओरडू नका, पुढच्या वेळी शंका आली तर त्याने तुम्हाला विचारायला हवंय.

प्रश्न: एक मशीन विंडोज ७ वरच चालतं, त्याचं सॉफ्टवेअर नव्यावर बसत नाही. ठेवावं का?

उत्तर: विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चासुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला. मशीन महाग असेल तर ठेवा, फक्त त्याला इंटरनेट देऊ नका, ईमेल उघडू नका, राउटरवर किंवा स्विचवर त्याचं नेटवर्क वेगळं करा, आणि फाइली न्यायच्या तर एकच पेनड्राइव्ह त्यासाठी राखून ठेवा, प्रत्येक वेळी चांगल्या कॉम्प्युटरवर स्कॅन करून. त्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरची आणि लायसन्सची प्रतही आत्ताच काढून ठेवा, त्या मशीनची हार्डडिस्क किती वर्षांची आहे ते तुम्हीच बघा.