माळ आणि पठार एकच का?

एकाने विचारलंय की सोलापूर दख्खनच्या पठारावर आहे असं भूगोलात शिकवतात आणि गावाकडं सगळे माळ म्हणतात, तर हे दोन्ही एकच का. एक नाहीत, आणि आपल्या जिल्ह्यात तर हा फरक अगदी उघड दिसतो.

पठार ठरतं उंचीवरनं. आजूबाजूच्या मुलखापेक्षा उंच, वर बऱ्यापैकी सपाट, कडेला उतार नाहीतर सरळ कडा, म्हणून पठारावर चढून जावं लागतं, कास घ्या नाहीतर पाचगणीचं टेबललँड घ्या. वर माती कसली, पाऊस किती, पीक येतं का, ह्याच्याशी पठाराला देणंघेणं नाही.

माळ ठरतो मातीवरनं. वीतभर माती, खाली लगेच मुरूम, पावसाळ्यात गवत आणि उन्हाळ्यात नुसते दगडगोटे, नांगर घातला की फाळ खडखडतो, म्हणून ते रान गुरं-मेंढरं चारायला सोडलेलं. सपाटच पाहिजे असंही नाही, चढउताराचा माळ असतोच की. नान्नजला जाऊन बघा, 1979 साली तिथं अभयारण्य झालं ते ह्याच गवताळ रानासाठी आणि त्यातल्या माळढोकासाठी, पक्षी आता क्वचितच दिसतो पण माळ म्हणजे काय ते तिथं नीट कळतं.

आता मंगळवेढ्याचं शिवार बघा. नजर जाईल तिथवर सपाट, झाडझुडूप कमी, बाहेरच्या माणसाला तो माळच वाटेल, पण तिथला शेतकरी त्याला माळ म्हणायचा नाही, कारण खाली खोल काळी माती आहे, ती पावसाची ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवरच रब्बीची मालदांडी ज्वारी पिकते. ते काळं रान. म्हणजे पठार एकच, त्यावर नान्नजचा माळ पण आणि मंगळवेढ्याचं काळं रान पण. उजनीचं पाणी आल्यावर माळाची कितीतरी जमीन उसाखाली गेली तरी बोलताना माळावरचं रान असंच येतं, नाव काय सुटत नाही.

लिहिताना एक सांभाळा. तो माळ, म्हणून गुरं माळावर. घरातला तो माळा, म्हणून जुनी भांडी माळ्यावर. आणि गळ्यातली ती माळ, म्हणून माळेत. गुरं "माळ्यावर" चरायला गेली असं हल्ली सर्रास लिहिलेलं दिसतं, ते चूक आहे.