इंटेल बुडणार म्हणून मुलीने आर्म शिकायचं का?

"सर, मुलगी ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंगच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप घ्यायचाय. दुकानदार स्नॅपड्रॅगनचा दाखवतो, म्हणतो चार्जर घरीच ठेवून जा. पुतण्या म्हणतो, काका, ती मोबाईलची चिप, इंजिनिअरिंगला टिकायची नाही. मुलीचं म्हणणं, इंटेलचे दिवस भरले, सगळं आर्मवर जाणार, आणि कॉलेजात मात्र अजून ८०८६ घोकून घेतात. तिला पुण्यात आर्मचा क्लास लावायचाय. फी पंच्याऐंशी हजार, नोकरीची हमी देतात. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, यातलं मला कळत नाही. लॅपटॉपचं आणि क्लासचं, दोन्ही सांगा." – एक पालक, जि. सांगली

नमस्कार.

आधी नावं समजून घ्या. प्रत्येक प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा एक ठरलेला संच असतो. इंटेलचा संच एक, आर्मचा दुसरा. स्नॅपड्रॅगन आर्मवाली, आणि ८०८६ ही इंटेलची जुनी चिप. आता तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नाहीये. प्रत्येकाकडे गोष्टीचा एकेक तुकडा आहे. फक्त पुतण्याची माहिती जुनी झाली आहे, दुकानदाराची अर्धी आहे आणि मुलगी जरा घाई करते आहे.

पुतण्याने हेच २०१२ साली सांगितलं असतं तर मी त्याच्या बाजूने बोललो असतो. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने सरफेस आरटी नावाचं यंत्र आणलं, आत आर्म जातीची चिप. दिसायला विंडोज, पण लोकांची नेहमीची विंडोजची सॉफ्टवेअरं त्यावर चालतच नव्हती. माल पडून राहिला आणि पुढच्याच वर्षी कंपनीला ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. मग २०१७ च्या अखेरीला दुसरा प्रयत्न झाला. तेव्हा लॅपटॉपात घातलेली स्नॅपड्रॅगन ८३५ खरोखरच फोनमधली चिप होती. जुनी सॉफ्टवेअरं चालायची, पण रडतखडत, आणि तीही फक्त ३२ बिटची. "मोबाईलची चिप लॅपटॉपात टिकत नाही" हे मत तिथून आलं आहे, आणि त्या काळापुरतं ते बरोबरही होतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने आर्म जातीची एम१ चिप आणली आणि तो मुद्दा निकालात निघाला. त्या चिपचा मॅकबुक एअर पंख्याशिवाय चालतो. तरीही ज्या इंटेलवाल्या एअरची जागा त्याने घेतली, त्याला त्याने वेगात आणि बॅटरीत सरळ मागे टाकलं. जुनी इंटेलसाठी लिहिलेली सॉफ्टवेअरं चालवायला रोझेटा २ नावाचा अनुवादक सोबत दिला होता. (हे मुलीसाठी: इंटेलच्या चिपमध्ये मेमरीतल्या नोंदी ज्या क्रमाने दिसतात तसाच क्रम पाळण्याची सोय ॲपलने थेट सिलिकॉनमध्ये करून ठेवली होती. अनुवाद इतका सफाईदार चालतो त्यात या सोयीचा मोठा वाटा आहे. मेमरी ऑर्डरिंग हा विषय पुढे अभ्यासात येईल तेव्हा हे उदाहरण आठव.)

ॲपलमध्ये चिप बनवणाऱ्या काही मंडळींनी बाहेर पडून २०१९ मध्ये नूव्हिया ही कंपनी काढली. स्नॅपड्रॅगन बनवणाऱ्या क्वालकॉमने ती २०२१ मध्ये १४० कोटी डॉलरना विकत घेतली. तुमचा दुकानदार दाखवतोय तो लॅपटॉप या खरेदीचं फळ. जून २०२४ मध्ये बाजारात आलेल्या स्नॅपड्रॅगन एक्स एलिटमधले ओरायन नावाचे बारा कोअर (चिपमधले प्रत्यक्ष आज्ञा पाळणारे भाग) मुळात फोनसाठी आखलेले नव्हतेच. उलट ते आधी लॅपटॉपात आले आणि त्यांची पुढची पिढी काही महिन्यांनी फोनमध्ये गेली. तेव्हा पुतण्याला सांगा, ही चिप मोबाईलमधून उचलून लॅपटॉपात बसवलेली नाही.

खरं तर आर्मचा जन्मही मोबाईलसाठी झालेला नाही. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीला आपल्या टेबलावरच्या संगणकासाठी स्वतःचा प्रोसेसर हवा होता. सोफी विल्सन यांनी आज्ञासंच आखला आणि स्टीव्ह फर्बर यांनी चिपची रचना केली. महागडं सिरॅमिकचं वेष्टन परवडणारं नव्हतं, स्वस्त प्लास्टिकचं वापरायचं तर चिप एक वॉटच्या आत राहायला हवी, एवढाच हिशेब होता. एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप हातात आली, बोर्डवर बसवली, प्रोग्रॅम चालला. चिप किती करंट घेते हे पाहायला फर्बर यांनी मीटर लावला, तर काटा शून्यावर. शोध घेतल्यावर कळलं की बोर्डवर चिपला वीज पोचतच नव्हती. शेजारच्या चिपांकडून सिग्नलच्या तारांवरून जी थोडीथोडकी वीज आत झिरपत होती, तेवढ्यावर ती चालली होती. वीज पुरवणाऱ्या मोबाईल बॅटरीचा विचारही तेव्हा कुणाच्या मनात नव्हता, पण पुढे नोकियापासून आयफोनपर्यंत सगळ्यांनी आर्मलाच का निवडलं हे त्या शून्यावरच्या काट्यावरून समजतं.

तुम्ही रिवाइंडिंग करता, म्हणजे उष्णता काय करते हे तुम्हाला मी सांगायला नको. मोटारीतून जास्त काम काढायला गेलं की आधी वाइंडिंग तापतं, आणि किती तापू द्यायचं यावर सगळं ठरतं. चिपचंही तेच. पातळ लॅपटॉपात उष्णता बाहेर काढायला जागा नाही, म्हणून दर वॉटमागे किती काम होतं यावरच सगळी स्पर्धा चालते.

आता मुलीच्या मुद्द्याकडे. आर्म जिंकलं, इंटेल संपलं, असं आहे का? नाही. एक्स८६ म्हणजे इंटेल आणि एएमडीच्या आज्ञा एक ते पंधरा बाइट अशा कमीजास्त लांबीच्या असतात. ६४ बिट आर्मची प्रत्येक आज्ञा नेमकी चार बाइटची. त्यामुळे एकाच वेळी बऱ्याच आज्ञा वाचायला आर्मला सोपं जातं. एम१ एका फटक्यात आठ आज्ञा उलगडायची आणि तेव्हा इंटेल त्याच्या बरीच मागे होती. अनेकांनी यावरून निष्कर्ष काढला की एक्स८६ मुळातच जड. मग सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलने लुनार लेक आणली. मोठा कोअर आठ आज्ञा उलगडणारा, रॅम चिपच्या शेजारी त्याच पॅकेजमध्ये, हायपरथ्रेडिंग (एका कोअरकडून एकाच वेळी दोन कामं करून घेण्याची युक्ती) काढून टाकलेलं. आणि बॅटरीच्या बाबतीत ती स्नॅपड्रॅगनच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. गंमत अशी की या चिपचा मुख्य भाग इंटेलने स्वतःच्या कारखान्यात न बनवता तैवानच्या टीएसएमसीकडून करून घेतला, जिथे ॲपलच्या आणि क्वालकॉमच्याही चिपा बनतात.

म्हणजे फरक आज्ञासंचाने पडतो तो थोडा. जास्त पडतो कोअरच्या आखणीने, कारखान्याच्या तंत्राने आणि वीज कुठे वाचवायची यावर कंपनी किती डोकं चालवते त्याने. माझं तरी हेच मत आहे, आणि करिअर निवडताना ते महत्त्वाचं ठरतं.

ॲपलने इंटेलला पूर्ण रजा दिली हे खरं, इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती म्हणून मॅकओएस २६ जाहीर झाली आहे. पण ॲपलचं घर एकट्याचं. चिप त्यांची, यंत्र त्यांचं, सॉफ्टवेअरही त्यांचं. विंडोजचा संसार शेकडो कंपन्यांचा आणि कित्येक दशकांचा, तिथे असा एका रात्रीत कुणी बिऱ्हाड हलवत नाही.

इथून पुढचं मुलीला वाचायला द्या.

तू ८०८६ वर वैतागली आहेस ते समजतं. पण आजचा इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर सुरू होताच पहिल्यांदा कुठे जागा होतो ठाऊक आहे? १९७८ च्या त्याच ८०८६ च्या रिअल मोडमध्ये, म्हणजे जुन्या १६ बिटच्या पद्धतीत. हा वारसा काढून टाकायचा प्रस्ताव इंटेलने २०२३ मध्ये मांडला होता आणि पुढच्या वर्षी मागेही घेतला. सेगमेंट, स्टॅक, इंटरप्ट या गोष्टी ओरलपुरत्या पाठ करू नकोस, नीट समजून घे. मग आर्मचं मॅन्युअल तुला परकं वाटणार नाही.

"आर्म शिकते" म्हणजे नेमकं काय शिकतेस, हेही आधी ठरव. एसटीएम३२ सारख्या काहीशे रुपयांच्या बोर्डवर कॉर्टेक्स-एम या आर्मच्या छोट्या कोअरचं फर्मवेअर (यंत्राच्या आत बसणारा प्रोग्रॅम) लिहिणं हे एक काम. प्रोसेसरचा कोअर आखणं हे अगदी वेगळं. दोन्हींना लोक आर्मच म्हणतात, नोकऱ्या मात्र वेगळ्या. बंगळुरू, हैदराबाद, नोएडा आणि काही प्रमाणात पुण्यात चिपच्या ज्या नोकऱ्या आहेत, त्यांत सर्वांत जास्त माणसं लागतात व्हेरिफिकेशनला. चिप कारखान्यात जाण्याआधी तिच्यातल्या चुका शोधायच्या. तिथली भाषा सिस्टिमव्हेरिलॉग, पद्धत यूव्हीएम. आज इंटेलमध्ये हे काम करणारा उद्या क्वालकॉममध्ये जाऊन तेच करतो. शर्यत कोण जिंकतंय याने त्याच्या पगाराला फारसा फरक पडत नाही. कंपायलर, फिजिकल डिझाइन, डीएफटी (चिप तपासता यावी अशी आखणी), सगळीकडे हीच गत.

आणि कोअर बांधून बघायचाच असेल तर आर्म नको, रिस्क-फाइव्ह घे. आर्मचा धंदाच मुळात परवाने विकण्याचा आहे. रिस्क-फाइव्हचा आज्ञासंच खुला आहे आणि ३२ बिटच्या मूळ संचात आज्ञा जेमतेम चाळीस. व्हेरिलॉग या हार्डवेअर लिहायच्या भाषेत एक साधा कोअर लिहायला एक सेमिस्टर पुरेल. इकॅरस व्हेरिलॉग आणि व्हेरिलेटर ही साधनं फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर लिनक्सवर चालतात. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे आपल्याकडचे प्रोसेसर याच आज्ञासंचावर उभे आहेत. मुलाखतीला तू स्वतः लिहिलेला कोअर, त्यात सापडलेले बग आणि ते कसे पकडलेस हे सांगितलंस, की समोरचा माणूस प्रमाणपत्र बघायला विसरतो.

आता परत वडिलांकडे.

लॅपटॉप यंदा तरी इंटेल किंवा एएमडीचाच घ्या. स्नॅपड्रॅगन वाईट आहे म्हणून नव्हे. मुलगी बीकॉमला असती तर मी दुकानदाराचं ऐका म्हटलं असतं. पण ईएनटीसीच्या लॅबमध्ये एफपीजीएसाठी (आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपसाठी) जे व्हिवाडो नावाचं सॉफ्टवेअर वापरतात ते एक्स८६ च्या विंडोज किंवा लिनक्ससाठीच मिळतं. त्याच कारणाने मॅकही बाद, शिवाय महाग. दुसरी अडचण दुकानात कळत नाही. विंडोजमधला अनुवादक सॉफ्टवेअरचा अनुवाद करतो, ड्रायव्हरचा करत नाही. कॉलेजचा जुना प्रोग्रॅमर (चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचं यंत्र) यूएसबीला जोडला आणि त्याचा आर्मसाठीचा ड्रायव्हर कंपनीने काढलाच नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण येतो आणि प्रॅक्टिकल तिथेच थांबतं. सबमिशनच्या आदल्या दिवशी हे नको.

१६ जीबी रॅम असू द्या, त्याखाली जाऊ नका. रॅम पुढे वाढवता येते का, हे बिल करण्याआधी विचारा, पातळ लॅपटॉपांत ती बरेचदा बोर्डलाच डकवलेली असते. "बावीस तास बॅटरी" वगैरे आकडे बहुतेक वेळा नुसता व्हिडिओ चालवून मोजलेले असतात, त्यांच्याकडे फार लक्ष देऊ नका. आणि खरेदीच्या आधी मुलीला लॅब असिस्टंटकडे पाठवून पुढच्या दोन वर्षांत लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी आणायला सांगा. प्राध्यापकांपेक्षा त्यांना ते नेमकं माहीत असतं.

क्लासचे पंच्याऐंशी हजार आत्ता देऊ नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला नोकरीची हमी कुणी कशाच्या जोरावर देतो? फार तर त्यांना विचारा, गेल्या बॅचमधल्या कुणाशी फोनवर बोलता येईल का, आणि हमी पाळली नाही तर फी परत मिळेल असं लिहून देता का. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चरचे एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे अभ्यासक्रम विनामूल्य बघता येतात, तेवढे या वर्षी मन लावून झाले तरी खूप. तिसऱ्या वर्षी गेटची तयारी करायची की नाही ते ठरवता येईल. पदवीनंतर सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन सी-डॅक या सरकारी संस्थेचा व्हीएलएसआयचा (चिप आखणीचा) पीजी डिप्लोमा हा रस्ताही आहे, आणि पैसे खर्चायचेच असतील तर ते तिथे खर्चलेले बरे.