गाडीच्या कंपनांत करिअर: नुसत्या सॉफ्टवेअरवर भागेल का?

प्रश्न: मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाहनांच्या एनव्हीएच (आवाज, कंपन आणि खडबडीतपणा) क्षेत्रात जायचंय. फायनाइट एलिमेंटचा (भागाचे छोटे तुकडे पाडून संगणकावर गणित करण्याचा) कोर्स केला तर पुरे होईल का?

उत्तर: नाही. सॉफ्टवेअर रंगीत मोड शेप, म्हणजे एखाद्या नैसर्गिक वारंवारतेला भाग कसा हलतो त्याचं चित्र, काढून देतं. तो पटण्यासारखा आहे का, हे तुम्हालाच सांगता आलं पाहिजे. मुलाखतीत गाडी तिथेच अडते.

आधी क्वार्टर-कार मॉडेल, म्हणजे एक चाक आणि त्यावरच्या पाव गाडीचं मॉडेल, करा. वर 300 किलोची बॉडी, खाली 40 किलोचं चाक, स्प्रिंग 20,000 न्यूटन प्रति मीटर, टायर 2,00,000. कॅल्क्युलेटरवर बॉडीची नैसर्गिक वारंवारता 1.3 हर्ट्झच्या आसपास येते, चाकाची 12 च्या. आता डॅम्पर (शॉक अॅब्सॉर्बर) 1,500 न्यूटन-सेकंद प्रति मीटर धरून तेच पायथनमध्ये सोडवा आणि वारंवारतेनुसार कंपनाचा आलेख काढा. शिखरं भलतीकडेच आली तर आधी एककं तपासा. स्प्रिंग न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये घेऊन वस्तुमान किलोतच ठेवलं, की वारंवारता सुमारे 32 पट कमी येते. तिथे वस्तुमान टनात हवं.

मग डॅम्पिंग दुप्पट करून बघा. बॉडीचं शिखर बसतं, पण दोन शिखरांच्या मधल्या पट्ट्यात बॉडीचं त्वरण वाढतं. बसलेल्या माणसाला उभी कंपनं सर्वाधिक जाणवतात ती 4 ते 8 हर्ट्झला, म्हणजे नेमकी तिथेच! ‘डॅम्पर कडक केला की झालं’ हे उत्तर म्हणूनच चुकतं.

इंजिन माउंटचंही तसंच. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन 800 आरपीएमला आयडल असताना मुख्य धक्का 27 हर्ट्झचा. माउंटवरच्या इंजिनाची वारंवारता 19 च्या खाली असेल तरच कंपन अडतं. पण फार मऊ माउंट घेतला तर खड्ड्यात इंजिन हेलकावतं, आणि 12 च्या जवळ गेलात तर चाकाच्या उसळीशी गाठ.

प्रोजेक्टसाठी बोल्टने जोडलेलं एखादं ब्रॅकेट मऊ इलॅस्टिकला टांगून हॅमर टेस्ट घ्या, म्हणजे हातोड्याने टोला देऊन कंपन मोजा. अॅक्सेलेरोमीटरखाली (त्वरण मोजणाऱ्या सेन्सरखाली) मेणाचा थर पातळच ठेवा; जाड झाला की वरच्या वारंवारतांचं मोजमाप बिघडतं. हातोडा दोनदा लागला तर ती नोंद टाकून द्या. कोहेरन्स (मोजलेलं कंपन टोल्याशी किती जुळतं याचं माप) रेझोनन्सपाशीच घसरला असेल तर त्या मोडवर भिस्त ठेवू नका. मग पहिले तीन-चार मोड ब्रॅकेटच्या फायनाइट एलिमेंट मॉडेलशी ताडून बघा. मॉडेलचे आकडे चढे आले तर पहिला संशय बोल्टच्या सांध्यावर घ्या, कारण तो मॉडेलमध्ये आपण सहसा पूर्ण ताठ धरतो. तिथली ताठरता कितीने कमी केल्यावर आकडे जुळले, ते रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा. प्रमाणपत्रापेक्षा प्रश्न त्यावरच जास्त येतील.