तीन महिन्यांपासून कंबर दुखतेय, बेडरेस्ट घ्यावी की हालचाल चालू ठेवावी?

बेडरेस्ट नको, सहन होईल तेवढी हालचाल चालूच ठेवा, फिजिओथेरपिस्ट आता हेच सांगतात. पडून राहिलं की पाठीचे स्नायू कमजोर होतात, अंग आखडतं, मग उठताना अजून दुखतं आणि माणूस घाबरून परत आडवा होतो. डब्ल्यूएचओच्या डिसेंबर २०२३ च्या गाइडलाइनमध्येही जुन्या कंबरदुखीला व्यायाम सांगितलाय आणि कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) सरसकट वापरू नका म्हटलंय (आपल्याकडे पट्टा तर पहिल्याच दिवशी आणतात!). अमुकच व्यायाम हवा असं नाही, चालणं, पोहणं, योगा, जे तुमच्याकडून नियमित होईल ते. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालून बघा, दुसऱ्या दिवशी दुखणं नेहमीएवढंच असेल तर दोनेक मिनिटं वाढवा, जास्त ठणकलं तर कमी करा पण पूर्ण बंद करू नका. फक्त एक, पायातली ताकद जातेय, जांघेत बधिर वाटतंय, लघवी-संडासवर कंट्रोल राहत नाहीये असं काही असेल तर व्यायामाच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, आणि सोबत ताप असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल तरी आधी डॉक्टरांना दाखवा.