फुलांचे फोटो दिसायला छान येतात पण मनाला भिडत नाहीत, काय करू?

फोकस बरोबर, रंग बरोबर, तरी फोटो कोरडा, असं तुम्ही लिहिलंय. मी जळगाव जिल्ह्यातला हौशी फोटोवाला, माझ्यापुरतं सांगतो. बरेच जण मागचं सगळं धूसर करून नाहीतर पाकळ्यांवर पाणी शिंपडून भाव आणायला बघतात (स्प्रेने मारलेले थेंब लगेच कळतात हो, नका मारू). पण जर्मनीच्या कार्ल ब्लॉसफेल्ट या फोटोग्राफरने कळ्या, देठ, पानं साध्या कोऱ्या बॅकग्राउंडवर, ब्लॅक अँड व्हाइटमधे कितीतरी पट मोठी करून दाखवली, तीही विद्यार्थ्यांना शिकवायला, आणि आजही ते फोटो बघताना नजर हलत नाही.

माझं मत असं की फूल किती देखणं आहे यापेक्षा त्याचं काय चाललंय ते फोटोत दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी खान्देशात कपाशीसारखं दुसरं फूल नाही. गुलाब-जरबेरा राहू द्या, ऑगस्ट-सप्टेंबरात ओळखीच्या कोणाच्या वावरात जा. सकाळी उमललेलं फूल दुधी असतं, संध्याकाळपर्यंत त्यावर गुलाबी झाक येते, दुसऱ्या दिवशी पार गुलाबी होऊन मिटतं, मग सुकतं आणि बोंड धरतं. एकाच झाडावर पाते (म्हणजे कपाशीच्या कळ्या), दुधी फूल, गुलाबी फूल, बोंड सगळं सोबत सापडतं, म्हणजे अख्खा जन्म एका फ्रेममधे. सकाळी लवकर जा, फुलाच्या उंचीला खाली बसा, सूर्य फुलामागे येऊ द्या म्हणजे पाकळीतून उजेड आरपार येतो आणि शिरा दिसतात, एक्सपोजर जरा कमी ठेवा नाहीतर दुधी रंग पांढराफटक होतो. मोबाईल पण चालतो.

आता खरी गोष्ट. कधीकधी एखादं फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं गच्च मिटलेलं, एकदम सुरेख. ती डोमकळी. आत गुलाबी बोंडअळी बसलेली असते, तिनेच धाग्यांनी पाकळ्या बांधून टाकलेल्या असतात. हा फोटो पुण्या-मुंबईच्या मित्रांना पाठवला तर बदाम येतात, आणि गावातल्या काकांना दाखवला की ते विचारतात, कोणाचं वावर आहे रे, फवारलं का नाही त्याने? एकच फोटो, एकाला शोभा आणि दुसऱ्याच्या पोटात गोळा. माझ्याकडे जेवढे फुलांचे फोटो आहेत त्यात मला हाच सगळ्यात जास्त कवितेसारखा वाटतो, दिसायला बाकीचे कितीही भारी असले तरी.

आणि हो, डोमकळी सापडली तर फोटो काढून झाल्यावर तशीच सोडून येऊ नका, अळीसकट तोडून नष्ट करा.