चॅप्टर ७ की १३? आधी घरावर नावं कुणाची आहेत ते बघा

ऑक्टोबरमध्ये एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर, न्यू जर्सीला निघताय, ठाण्याच्या फ्लॅटचं कर्ज चालू आहे, बाबा जामीनदार आहेत. आणि कुणीतरी सांगितलंय की तिकडे गाडं अडलंच तर चॅप्टर ७ करायचा नि मोकळं व्हायचं. ७ आणि १३ हे अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यातले दोन मार्ग, त्यातला बरा कुठला, असं तुम्ही विचारलंत. मी मुलुंडची, आणि यातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

चॅप्टर ७ मध्ये कायद्याने राखून ठेवलेलं सोडून बाकी मालमत्ता ट्रस्टी, म्हणजे प्रकरण सांभाळायला नेमलेला माणूस, विकू शकतो आणि क्रेडिट कार्ड, हॉस्पिटलची बिलं अशी देणी माफ होतात. चार-सहा महिन्यांत बहुतेक प्रकरणं आटोपतात. पण २००५ च्या कायद्याने उत्पन्नाची चाचणी आणली. तुमच्या राज्यात तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाचं जे मधलं उत्पन्न धरतात, त्याच्या वर पगार असेल तर पुढची आकडेमोड होते आणि आयटीतली माणसं बरेचदा तिथेच अडकतात. चॅप्टर १३ मध्ये सहसा काही विकावं लागत नाही. तीन ते पाच वर्षं दरमहा ठरलेला हप्ता भरायचा. त्यासाठी नियमित कमाई हवी, आणि एच-वन-बीवर नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, हे विसरू नका. शैक्षणिक कर्ज तर दोन्हीकडे सहसा सुटत नाही.

माझी कमाई ७ मध्ये बसत होती. तरी मी १३ घेतला, तो मुलुंडच्या घरामुळे. बाबा गेल्यावर आईने घर घेतलं तेव्हा पुढे धावपळ नको म्हणून माझं नाव जोडलं होतं. वकिलांनी मालमत्तेचा फॉर्म पुढे ठेवला. त्यात जगात कुठेही असलेली मालमत्ता लिहावी लागते. मी म्हटलं, ते माझं नाही, आईचं आहे. त्यांनी इंडेक्स टू, म्हणजे घराच्या दस्तनोंदणीचा उतारा, मागवला आणि मला ओळ न ओळ इंग्रजीत सांगायला लावली. ‘दस्तऐवज करून घेणाऱ्या पक्षकाराचे’ या रकान्यात आईच्या खाली माझं नाव होतं. त्यांनी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि काही बोलले नाहीत. मला त्या क्षणी आईचं स्वयंपाकघर दिसलं.

१३ मध्येही तो हिस्सा मोजतात: ७ मध्ये सावकारांना जेवढं मिळालं असतं, निदान तेवढं हप्त्यांतून द्यावं लागतं. म्हणून माझा हप्ता फुगला. साठ हप्ते भरले, पण घराला धक्का लागला नाही. लपवायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. दिवाळखोरी केली एवढ्यावरून व्हिसा जात नाही, पण शपथेवर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे आणि त्याने व्हिसाही धोक्यात येतो.

आता तुमच्या बाबांचं. चॅप्टर १३ चालू असेपर्यंत घरगुती गरजांसाठी घेतलेल्या कर्जाच्या जामीनदाराकडे सहसा वसुलीला जाता येत नाही. ७ मध्ये हे संरक्षण नाही. पण हे अमेरिकेतलं झालं. तिथल्या आदेशाने मुंबईतल्या बँकेची वसुली आपोआप थांबत नाही, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की नोटीस बाबांच्या दारात येणार. भारतातही सोपी वाट नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झालाय, १ डिसेंबर २०१९ पासून. बाकी मुंबईकरांना अजून १९०९ चा जुना कायदा आणि हायकोर्ट.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पर्सनल लोन असेल तर जाण्याआधी फेडा, त्यासाठी दोन महिने उशीर झाला तरी चालेल. फ्लॅटला भाडेकरू ठेवा, भाडं थेट हप्त्याच्या खात्यात जमा होऊ द्या आणि वर सहा महिन्यांचे हप्ते तिथेच पडून राहू द्या. बाबांऐवजी दुसरी हमी चालेल का, हे बँकेला आत्ताच लेखी विचारा. आणि आई-वडिलांच्या घरावर केवळ सोय म्हणून तुमचं नाव लागलं असेल, तर निघण्याआधी इथल्या वकिलाला तो इंडेक्स टू दाखवा. तिकडे कर्ज झाल्यावर नाव काढायला गेलात, तर ट्रस्टी तो व्यवहारच उकरून काढतो.