इंग्लंडच्या फौजदारी कायद्यातल्या 'वेडेपणाच्या बचावा'त नेमकी अडचण काय आहे?

मुख्य अडचण ही की कसोटी १८४३ची आहे. डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान पील यांच्या सचिवाला गोळी घातली, तो निर्दोष सुटला, ओरड झाली आणि न्यायाधीशांनी नियम घालून दिले. तेच आजही चालतात: 'मनाच्या आजारा'मुळे आपण काय करतोय हे, किंवा ते चूक आहे हे आरोपीला कळत नसेल, तर तो वेडेपणाच्या कारणाने निर्दोष.

त्यात 'मनाचा आजार' हा शब्द कायद्याचा आहे, वैद्यकाचा नाही. भान जाण्याचं कारण शरीराच्या आतलं असेल तर तो 'मनाचा आजार', बाहेरचं असेल तर नाही. म्हणून काय होतं ते मधुमेहात बघा. क्विक नावाच्या नर्सने इन्सुलिन घेतलं, पण पुरेसं खाल्लं नाही, साखर उतरली आणि त्याच्या हातून रुग्णाला मारहाण झाली. कारण बाहेरचं, म्हणजे इन्सुलिन; अपिलात शिक्षा रद्द (१९७३). हेनेसीने इन्सुलिन घेतलंच नाही, साखर चढली आणि चोरीची गाडी चालवताना तो सापडला. कारण आतलं, म्हणून कायद्याने तो 'वेडा' (१९८९)! आजार एकच. हा शिक्का नको म्हणून त्याने गुन्हाच कबूल केला. अपस्माराच्या सलिव्हननेही तेच केलं होतं. आजारी माणसाला असं कोंडीत पकडणं मला अन्यायाचं वाटतं.

उलट, विंडल खटल्यात (१९५२) 'चूक' म्हणजे फक्त 'बेकायदा' असं ठरलं. त्यामुळे भ्रमात असलेल्या, पण कायदा माहीत असलेल्या माणसाला हा बचाव मिळत नाही. शिवाय वेडेपणा सिद्ध करायचा भार आरोपीवरच.

आपल्या भादंवि कलम ८४चं (आता भारतीय न्याय संहिता, कलम २२) मूळही याच नियमांत आहे, फक्त तिथे 'चूक किंवा बेकायदा' असे दोन्ही शब्द आहेत.